देणगी द्या, न्हाईतर गाते

मॅडमचा आवाज नुसता बेसूर नव्हता. बेसूर माणूस निदान एखाद्या सुराच्या आसपास तरी चुकतो. मॅडम गायला लागल्या की सूर कुठला, आपण कुठं, वार कोणता, हेच कळेनासं व्हायचं. आवाज आधी जमिनीलगत घरंगळत निघायचा, मग एकाएकी वर चढायचा, आणि तिथून कधी उडी मारील याचा नेम नसायचा. धर्माबादच्या मोंढ्यात त्यांची पांढरी स्कुटी वळली की आडत दुकानांतली माणसं आपोआप खिशात हात घालायची. कारण मॅडम दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून, पदर खोचून, अगदी शांतपणे सांगायच्या, "शाळेला देणगी द्या, न्हाईतर गाते."

ही धमकी रिकामी नव्हती. एका कापडवाल्यानं एकदा हसत हसत "गा की" म्हटलं होतं. त्याच्या दुकानातलं लग्नाचं गिऱ्हाईक बस्ता अर्धा सोडून निघून गेलं, असं मोंढ्यात सांगतात.

मी मूळची लातूरची. लग्न होऊन धर्माबादला आले तेव्हा जवळ डी.एड.चं प्रमाणपत्र होतं आणि लातूरची असल्याचा थोडा तोरा होता. मुलाखतीत मॅडमनी प्रमाणपत्राकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "तुम्हाला लाज वाटते का?"

"कशाची?"

"कशाचीबी. मागायची, नाचायची, चारचौघात पडायची."

"थोडी वाटते," मी म्हणाले.

"जाईल," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातात खडूचा डबा दिला. मी नोकरीला लागले.

शाळा लहान, खासगी, अनुदान नसलेली. काही खोल्या पक्क्या आणि मागच्या बाजूला पाचवी-सहावीच्या दोन पत्र्याच्या. पोरं हमालांची, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांची, शिंप्यांची, अल्पभूधारक शेतकऱ्यांची. अर्धी घरात तेलुगू बोलायची, उरलेली शाळेत येऊन शिकायची. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. सुती साडी, तिच्याखाली पांढरे खेळाचे बूट, आणि पर्समध्ये पितळेची घंटा. कुणाच्याही बारशात, साखरपुड्यात, निरोप समारंभात मधेच घंटा वाजवून त्या उभ्या राहायच्या आणि शाळेबद्दल दोन शब्द बोलायच्या. दोन शब्द संपेपर्यंत जेवणाच्या पंगतीत भात गार व्हायचा.

त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. क्वार्टरपुढून मालगाड्या जायच्या. "घरात बोलायचं तर गाडीच्या वर बोलावं लागायचं," त्या सांगायच्या. "आमची माय मीठ मागायची तरी पुढच्या स्टेशनला ऐकू जायचं." लहानपणी त्यांनी वस्तीतल्या जयंतीच्या गायन पार्टीत शिरायचा लई प्रयत्न केला होता. पार्टीच्या म्होरक्यानं एकदाच ऐकलं आणि म्हणाला, "पोरी, तू टाळ्या वाजव." मॅडमनी पुष्कळ वर्षं टाळ्या वाजवल्या. मग शाळा काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या गाण्याला कुणी काही देणार नाही, पण ते थांबवायला देईल. तेव्हापासून त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

शाळेच्या फाटकाला एक काळा फळा टांगलेला असायचा. त्यावर रोज एका पोराचा पराक्रम लिहिलेला. 'तिसरीतल्या करणने दाढ पडली तरी तास सोडला नाही.' 'दुसरीतल्या सानियाने आज पहिल्यांदा उत्तर मोठ्याने दिले. चुकले. पण मोठ्याने दिले.' रस्त्यानं जाणारी माणसं सायकलवरून उतरून हा फळा वाचायची. एक गृहस्थ रोज वाचून जायचे. त्यांचं कुणीच शाळेत नव्हतं. मी एकदा मॅडमना म्हटलं, "लातूरला असल्या फळ्यावर फक्त टक्के लिहितात." मॅडम म्हणाल्या, "मग टक्के नसलेली लेकरं फाटकातून कशी आत येतात तिथं? मान खाली घालून?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'लातूरच्या बाई आज निरुत्तर झाल्या.'

तर अशा मॅडमच्या शाळेचे पत्रे उडाले.

फेब्रुवारी सरत आला होता. दुपारी एकाएकी अवकाळी वारं सुटलं. पोरं मधल्या सुट्टीत पुढच्या अंगणात होती म्हणून बरं. आमच्या डोळ्यांदेखत मागच्या दोन्ही खोल्यांचे पत्रे कडाकडा उचलले गेले, रस्ता ओलांडून हवेतून गेले आणि समोरच्या शेठजींच्या आवारात जाऊन पडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सहावीतला एकजण ओरडला, "बाई, आपली शाळा उडाली!"

समोरचे शेठजी मिरचीचे मोठे आडते. अंगानं भारी, कपाळाला कुंकू, मराठी बोलता बोलता तेलुगूत घसरायचे. आवारात त्यांची मिरचीची पोती उघड्यावर होती. पत्रे पडले ते नेमके पोत्यांवरच्या ताडपत्रीवर. ताडपत्री फाटली, मागून पाऊस आला, मिरची भिजली. शेठजींनी दुसऱ्या दिवशी बांबू रोवले, आमचेच पत्रे त्यावर ठोकले आणि खाली उरलेली पोती लावली.

मॅडम पत्रे मागायला गेल्या. मीही सोबत होते.

"माझी मिरची गेली, त्याचं कोण देणार?" शेठजी म्हणाले. "पत्रे माझ्या जागेत पडले. माझे झाले."

"शेठजी, वाऱ्यानं आणले तुमच्याकडं."

"मग वाऱ्याला सांगा परत न्यायला."

मॅडमनी पदर खोचला. शेठजींनी ते बघितलं आणि मुनीमाला खिडक्या लावायला सांगितलं, पण तोवर मॅडमनी सुरुवात केली होती. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेठजी थोडा वेळ सहन करत बसले, मग दोन्ही हात वर करून ओरडले, "चालु अम्मा, चालु!"

आता तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'. हे धर्माबादच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मॅडमचा तर जन्म तिथला. पण त्या दिवशी मॅडम फक्त मराठी होत्या.

"चालू ठेवू? ठेवते की," म्हणाल्या, आणि दुसरं कडवं धरलं.

"चालु! चालु!" शेठजी उभे राहिले.

"एवढं आवडलं का शेठजी?" मॅडम म्हणाल्या, आणि तिसरं.

मोंढा हसून हसून बेजार झाला. मला हसू आवरेना म्हणून मी मिरचीच्या पोत्याआड गेले, तिथं ठसका लागला, आणि हसू, शिंका, पाणी सगळं एकदमच आलं. पण शेठजीही पक्के. दुसऱ्या दिवशी मॅडम गेल्या तेव्हा त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले होते आणि ते मजेत हिशेब लिहीत होते. धर्माबादच्या इतिहासात मॅडमचं गाणं पहिल्यांदा वाया गेलं.

मॅडम परत आल्या, अंगणात उन्हात बसलेल्या पाचवी-सहावीच्या पोरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दप्तरं घ्या. आपल्या वर्गात जायचं."

"कोणत्या वर्गात, मॅडम?"

"जिथं आपलं छप्पर हाय तिथं."

रांग लावून, हात धरून, आम्ही रस्ता ओलांडला आणि शेठजींच्या शेडमध्ये, पोत्यांच्या मधल्या जागेत, सतरंज्या अंथरल्या. मी पोत्याला फळा टेकवला. शेठजी कानातले बोळे काढत बाहेर आले.

"मॅडम, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"वर्ग भरवून राहिले."

"माझ्या आवारात?"

"आवार तुमचं. पत्रे शाळेचे. वर्ग छपराखाली भरवायचा असतो ना? आमचं छप्पर इथं हाय. आता तुम्हीच सांगा, लेकरं कुठं बसवू?"

शेठजींनी वर पत्र्याकडे बघितलं, खाली पोरांकडे बघितलं. "मिरचीत?" एवढंच म्हणाले.

आणि खरंच, मिरचीत शाळा कशी चालते ते आम्हाला तेव्हा कळलं. मी म्हणायचे, "सतरा एके?" पोरं म्हणायची, "सतरा!" "सतरा दुणे?" "आक्छी!" सतराच्या पाढ्याला दहापर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा. मी फळ्यावर लिहायला वळले की मागं शिंकांची फैर झडायची, आणि खरी शिंक कोणती, खोडीची कोणती, हे ओळखायला मला स्वतःच्याच डोळ्यांतलं पाणी पुसत बघावं लागायचं. पहिल्या दिवशी दोन आया भांडायला आल्या. मॅडमनी लगेच प्रत्येक पोराच्या तोंडाला ओला रुमाल बांधला आणि सतरंज्या वाऱ्याच्या बाजूला, पोत्यांपासून लांब, शेडच्या कडेला सरकवल्या. त्यानंतर शिंका पुष्कळ कमी झाल्या. पोरांना त्याचं वाईट वाटलं.

हळूहळू शेठजी बिघडले. गादीवर बसल्या बसल्या पाढा अडला की तिथूनच उत्तर द्यायचे. मग पोरांना तोंडी हिशेब घालायला लागले. एकदा मला म्हणाले, "बाई, ती चष्मेवाली पोरगी लई हुशार हाय, तिला थोडं अवघड घालत जा." शेवटी एक दिवस त्यांनीच मॅडमना बोलावलं.

"घेऊन जा तुमचे पत्रे. हमाल लावून बसवून देतो."

मॅडमनी थोडा विचार केला. "नको."

"आँ?"

"पत्रा पुन्हा उडंल, शेठजी. आता स्लॅबच टाकायचा."

मी कपाळावर हात मारला. हातात आलेले पत्रे सोडून ही बाई स्लॅब मागत होती! पण मॅडमचं ठरलं होतं. आणि तिथंच त्या अडकल्या. गाणं टाळायला लोक थोडंफार देत होते, स्लॅबएवढं कुणीच देईना. इकडं पालकांत कुजबूज सुरू झाली. नवीन झालेल्या मोठ्या शाळेची पिवळी बस गल्लीत यायला लागली होती. दोन-तीन पालक दाखला घेऊनही गेले. जूनपर्यंत छप्पर झालं नाही तर पाचवी-सहावी बंद करावी लागेल, असं मॅडम मला एकदा हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं, आणि मी घाबरले.

त्याच सुमारास नांदेडच्या एका संस्थेनं शाळांसाठी समूहगीत स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस बऱ्यापैकी होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यात सिमेंट येतंय."

गाणं आमच्याकडे आयतं होतं. शेडमध्ये देठ खुडणाऱ्या बाया काम करता करता एक चाल गुणगुणायच्या. पोरांनी ती उचलली होती. मी त्यावर शब्द बसवले, 'लाल लाल डोंगर बाई, आमच्या अंगणी', आणि पोरांनी माझे निम्मे शब्द बदलून ते चांगलं केलं. पुढं गायला सहावीतली प्रज्ञा. तिची आई त्या बायांतलीच. प्रज्ञा बोलायला बुजरी, पण गळा असा की ती गायला लागली की हमाल तोलकाट्यावरचा आकडा वाचायचे विसरायचे.

तालमीला मॅडम येत नसत. "माझा सूर कानात गेला तर लेकरं बिघडतील," म्हणायच्या, आणि रस्त्यापलीकडे उन्हात उभ्या राहून हवेत हात हलवत बघायच्या. गाणं संपलं की तिथूनच टाळ्या. आवाज रस्ता ओलांडून यायचा.

एका पालकाच्या जीपमध्ये पोरं कोंबून आम्ही नांदेडला गेलो. हॉल थंडगार. बाकीच्या शाळांकडे कोट, टाय, कीबोर्ड. आमच्याकडे विहारातून उसनी आणलेली पेटी, एक ढोलकी आणि तेल लावून चप्प बसवलेले केस. आमचं नाव पुकारलं. पोरं चढली. पेटीवर आमच्या शाळेतल्या सरांनी सूर धरला.

प्रज्ञा गायली नाही.

सरांनी पुन्हा सूर धरला. प्रज्ञा समोरच्या दिव्यांकडे बघत उभी. ओठ मिटलेले. मागची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एका परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मी शेजारी बघितलं तर खुर्ची रिकामी. मॅडम उभ्या होत्या. आणि मी "मॅडम, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी भर हॉलमध्ये आमच्या गाण्याची पहिली ओळ सुरू केली होती.

तो आवाज त्या थंड हॉलमध्ये ज्या काही वाटांनी गेला, त्या मला सांगता येणार नाहीत. आधी सगळे दचकले. मग मागच्या रांगेतून हसण्याचा फवारा उडाला आणि तो पुढच्या रांगेपर्यंत आला. मॅडम थांबल्या नाहीत. प्रज्ञानं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग राग. तिच्या आईच्या चालीचं जे चाललं होतं ते तिला बघवेना. ती माईकजवळ आली आणि म्हणाली,

"असं न्हाई, मॅडम! असं हाय!"

आणि गायली. असं गायली की हसणारी तोंडं तशीच उघडी राहिली. मागची पोरं पहिल्या कडव्याला तिला येऊन मिळाली, ढोलकी सुटली, आणि शेवटी शेवटी कोट-टायवाली पोरंसुद्धा ठेका धरून होती. गाणं संपलं तेव्हा सगळा हॉल उभा. मी रडत होते की हसत होते, ते मला तेव्हाही कळलं नाही.

निकालात आमचं नाव नव्हतं. प्रेक्षकांतून मदत झाल्यामुळं आमचा संघ नियमानं बाद केला होता.

मॅडम भांडतील असं मला वाटलं. पण त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या, घंटेची पर्स मांडीवर घेऊन. "मी घालवलं," एवढंच म्हणाल्या. पोरांनी गप्प बसलेल्या मॅडम कधी बघितल्याच नव्हत्या. ती लांब घोळका करून उभी राहिली. मग प्रज्ञा पुढं आली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"मॅडम, तुम्ही न्हाई गायल्या असत्या तर मी अजून तिथंच हुबी असते."

"सिमेंट गेलं की गं."

"जाऊ द्या. पण कामून इतकं वाईट गाता हो तुम्ही? मला इतका राग आला की भ्यायचंच राहून गेलं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. आणि मग त्या जे हसायला लागल्या, ते पर्समधली घंटा वाजेपर्यंत. पोरंही धावत येऊन हसण्यात सामील झाली. दुसऱ्या शाळांची मुलं गोळा झाली. "त्या मॅडम याच का?" म्हणून त्यांनी सेल्फी काढायला रांग लावली. पहिलं बक्षीस मिळालेल्या शाळेची मुलंसुद्धा त्या रांगेत होती.

आमच्या जीपवाल्या पालकांनी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. आम्ही धर्माबादला पोचायच्या आधी ते मोंढ्यात पोचलं. सकाळी शेठजी स्वतः शाळेत आले. पहिल्यांदाच. हातात मोबाईल.

"बाद? कुणी केलं बाद?"

"नियम आहे, शेठजी," मी म्हणाले.

"नियम गेला खड्ड्यात. आम्ही इतकी वर्षं ह्यांचं गाणं ऐकून राहिलो, आम्ही कधी बाद केलं का?"

तिथून ते तडक मोंढ्यात गेले. सौदा सुरू व्हायच्या आधी पोत्यावर चढून काय बोलले ते तेलुगूत होतं. मला एवढंच कळलं की त्यात नांदेडचं नाव पुष्कळदा आणि रागानं येत होतं. धर्माबादची इज्जत नांदेडात गेली, असा काहीसा त्याचा सूर असावा. कारण त्यानंतर एकानं सळई कबूल केली, एकानं वाळू, कापडवाल्यानं जेवण, आणि सिमेंट शेठजींनी स्वतःकडे घेतलं. हमाल म्हणाले, माल वाहायला आम्ही. दाखला नेलेले एक पालक दाखला खिशात घालून परत आले. "ठेवा पुन्हा," म्हणाले, "पोरगं घरी रडून राहिलंय, मिरचीच्या शाळेत जायचं म्हणतंय."

मे महिन्यात स्लॅब टाकायला घेतला. भर उन्हात मिक्सर गरगरत होता आणि शिडीपासून छतापर्यंत माणसांची रांग होती. हमाल, देठ खुडणाऱ्या बाया, पालक, कापडवाला, आणि मधेच पांढऱ्या धोतरातले शेठजी. घमेलं हातोहात वर जात होतं. रोज फळा वाचणारे ते गृहस्थ पाणी वाटत होते. प्रज्ञाची आई सगळ्यांना चाल सांगत होती आणि त्या चालीवर घमेली सरकत होती. पोरं सिमेंटनं पांढरी झालेली, इकडून तिकडं पळत, ओरडत.

मॅडम मात्र एका कोपऱ्यात नुसत्या उभ्या. मी विचारलं, "काय झालं मॅडम?"

"काही न्हाई. कुणाला काही मागायचंच राहिलं न्हाई. हाताला कसं तरी वाटायलंय."

दुपारी शेवटचं घमेलं पडलं. गवंड्यानं फळी फिरवून छत सपाट केलं. सगळे घाम पुसत वर बघत उभे राहिले. तेवढ्यात शेठजींचं लक्ष कडेच्या खांबांकडे गेलं. प्रत्येक खांबातून सळयांचे जुडगे छताच्या वर, कमरेएवढे, आभाळाकडे निघालेले होते.

"अम्मा, हे काय?"

"सळया," मॅडम म्हणाल्या.

"त्या दिसायल्यात. वर कामून काढल्या?"

मॅडम वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला होता.

"सातवी-आठवी कुठं बसवू मग?"

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं, आणि मग सगळी रांगच हसायला लागली. शेठजींनी बोटानं एकेक खांब मोजला. धोतर सिमेंटनं कडक झालं होतं, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. त्यांनी रिकामं घमेलं उचललं, मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाले,

"पुढच्या मिरचीला बघू."